बिनसमुद्राचा आमचा किनारा

थंडी सरू लागली की महाराष्ट्रातील आप्तांकडून बातम्या येऊ लागतात. कोणी गुहागरला जाऊन आलेले असते, कोणी श्रीवर्धनला, कोणी थेट मालवणपर्यंत. मुलाबाळांसह तंबू ठोकून समुद्राकाठी दोन रात्री कशा काढल्या, पहाटे ओल्या वाळूवर खेकड्यांची धावपळ कशी पाहिली, याची वर्णने ऐकून आम्हा निर्मलकरांच्या घरातील मुले साहजिकच विचारतात, "मग आपण कधी जायचे?" या प्रश्नाला आमच्याजवळ सोपे उत्तर नाही. निर्मलला रेल्वे नाही, आणि समुद्र पूर्वेचा धरा की पश्चिमेचा, सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांच्या आत नाही. चार-पाच बिऱ्हाडे, त्यांतील वृद्ध मंडळी आणि शाळेच्या सुट्ट्या यांचा मेळ घालून एवढा प्रवास करावयाचा तर तो वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. आमच्या घरी तो तसाच ढकलला गेला. अखेर गेल्या माघात आम्ही ठरविले की समुद्र राहू द्यावा, किनारा तर आपल्या दाराशीच आहे.

हा किनारा म्हणजे श्रीरामसागराचा. निर्मलहून दक्षिणेस निघाले की वीस किलोमीटरांच्या आतबाहेर सोन गाव ओलांडून गोदावरी लागते, आणि पलीकडे निजामाबाद जिल्ह्यात पोचमपाडचे धरण दिसते. २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. बेचाळीस दारांची ही भिंत उभी राहिली आणि तिच्या मागे, पार बासरच्या सरस्वतीच्या पायथ्यापर्यंत, पाणी पसरले. काकतीय, सरस्वती आणि लक्ष्मी अशी तिच्या मुख्य कालव्यांची नावे आहेत. त्यांपैकी सरस्वती कालवा आमच्या बाजूचा. दिलावरपूर, लोकेश्वरम, मुधोळ या बाजूंनी जलाशयाकडे उतरावे तर पैलतीर धुक्यात हरवलेला असतो, आणि वारा सुटला की लाटा अशा काही काठावर येतात की परका मनुष्य क्षणभर फसावा. पलीकडे नंदिपेटच्या बाजूस तर तरुण मंडळींनी या काठाला 'छोटा गोवा' असेच नाव देऊन टाकले आहे. नाव आम्हांस फारसे रुचत नाही. गोदेच्या काठाला दुसऱ्याचे नाव उसने घेण्याचे कारण काय? पण त्यामागची हौस मात्र आमच्यासारखीच आहे.

समुद्राकाठचा आणि या काठचा भेद वाचकांनी आरंभीच ध्यानी घ्यावा, कारण पुढील सर्व मजकूर त्यावर उभा आहे. समुद्राची भरती-ओहोटी चंद्राच्या हाती असते. पंचांग उघडले, तिथी पाहिली, की कोळ्याचे पोरसुद्धा पाणी केव्हा चढेल ते सांगते. आमच्या काठाची भरती-ओहोटी दारांच्या हाती आहे. मृगाचा पाऊस झाला की नाशिक, पैठण, नांदेड करीत पाणी खाली येते आणि श्रावण-भाद्रपदात जलाशय चढतो. पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,०९१ फूट होते. मग कार्तिकापासून कालव्यांची आवर्तने सुरू होतात आणि पाणी उतरू लागते. उतार इतका सौम्य आहे की पातळी वीतभर उतरली तरी काठ बराच लांब सरकतो. कार्तिकात जेथे होडी चालते तेथे फाल्गुनात गुरे चरतात, आणि वैशाखात तेथे पाणी होते हे सांगूनही खरे वाटत नाही.

त्यात वरच्या अंगाला आणखी दारे आहेत. नांदेड जिल्ह्यात, धर्माबाद तालुक्यातील बाभळी येथे महाराष्ट्राने बांधलेला बंधारा सरहद्दीपासून जेमतेम सात किलोमीटरांवर आहे. या बंधाऱ्याने दोन्ही राज्यांत किती वाद माजविला हे येथील वाचकांस नव्याने सांगावयास नको. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत बाभळीची दारे उघडी ठेवावयाची, म्हणजे पावसाळ्याचा प्रवाह अडणार नाही. आणि १ मार्च रोजी साठ्यातून ०.६ टीएमसी, म्हणजे साठ कोटी घनफूट पाणी खाली सोडावयाचे. हे दोन्ही दिवस ओलांडताना दोन्ही राज्यांचे अधिकारी तेथे जमतात. ज्यांना या भागात नदीकाठी मुक्काम करावयाचा आहे त्यांनी या तारखा संकष्टी-एकादशीसारख्या पाठ कराव्यात. १ मार्चला कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या पात्रात सुमारे एक कोटी सत्तर लाख घनमीटर पाणी येते. ते जलाशयात पोचल्यावर तेथील पातळीस फारसा फरक पडत नाही. पण बाभळी आणि बासर यांच्या दरम्यान पात्रातील वाळूवर कोणी चूल मांडून बसले असेल तर त्याला फरक पडतो.

या नदीशी आमचे नाते काय, असे क्वचित एखादा पाहुणा विचारतो. येथे 'आम्ही' म्हणजे निर्मल, भैंसा, मुधोळ या पट्ट्यातील मराठी घरे. आम्ही कोठून येऊन येथे राहिलो असे फारसे झाले नाही. बऱ्याच अंशी सरहद्दच आमच्यावरून सरकली. निजामाच्या राज्यात हा सारा एकच मुलूख होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट तिकडे गेले, तर नांदेडचा मुधोळ तालुका इकडे आला. पुढे २०१४ मध्ये तेलंगण झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल हा स्वतंत्र जिल्हा झाला. एवढ्या वेळा पत्ता बदलला, तरी आमच्या घरांतून गोदावरीला 'गंगा' म्हणण्याची रीत काही बदलली नाही. आमचे तेलुगू शेजारीही तिला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' हे वाक्य दोन्ही भाषांत एकाच अर्थाने बोलले जाते.

तंबूत राहण्याची ही हौस इंग्रजांकडून आली असे समजले जाते. थॉमस हायराम होल्डिंग नावाच्या शिंप्याने १९०८ मध्ये इंग्रजीत तंबूतील सहलीवर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि तेथे या छंदाला रूप आले, हे खरेच आहे. परंतु पंढरीच्या वाटेवर शेकडो दिंड्या मुक्कामागणिक पाल ठोकतात, तीन दगडांच्या चुली पेटवितात, पहाटे खुंट्या उपटून पुढे निघतात, आणि त्यांत नातवापासून आजीपर्यंत सारे घर असते. त्याला काय म्हणावे? आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात तर याहून जवळचे उदाहरण आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे पुष्य अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. गोंडांमधील मेसराम कुळाची मंडळी त्यासाठी अनवाणी पायी चालत जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू येथे जातात, गोदावरीचे पाणी झारीत भरून आणतात, आणि केसलापूरच्या वडाखाली कुटुंबकबिल्यासह मुक्काम करतात. गोदेचे पाणी आणि उघड्यावरची रात्र यांची सांगड येथे आमच्या कितीतरी पिढ्या आधीपासून आहे. तेलुगू शेजाऱ्यांचे कार्तिकातील वनभोजन तर आम्ही केव्हाच आपलेसे केले आहे. तेव्हा नायलॉनचा तंबू नवा असेल, मुक्काम नवा नाही.

आम्ही लहानथोर मिळून एकोणीस जण होतो. वसंत पंचमीस बासरला जाऊन धाकट्याचे अक्षरलेखन उरकावयाचे आणि तेथून परतीच्या वाटेवर दोन रात्री जलाशयाकाठी राहावयाचे, असा बेत होता. निर्मलहून भैंशावरून बासर सुमारे सत्तर किलोमीटर. वसंत पंचमीस तेथे तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन्हीकडून इतकी गर्दी होते की मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल येईपर्यंत आईबापांच्या पायांचे तुकडे पडतात. बासरची कथा वाचकांस ठाऊक असेलच. व्यासमुनी येथे तपास राहिले, रोज गोदेत स्नान करून तीन मुठी वाळू आणीत आणि त्या वाळूच्या तीन मूर्ती झाल्या, सरस्वती, लक्ष्मी आणि काली. व्यासांच्या वास्तव्यावरून वासर आणि त्यावरून बासर असे नाव झाले म्हणतात. कथा कथेच्या ठिकाणी असो. नदीकाठची वाळू आणि विद्येची देवता यांचा असा संबंध जोडणाऱ्याला नदीकाठ चांगला माहीत असला पाहिजे, एवढे आम्हांस वाटते.

दुपार टळल्यावर आम्ही जलाशयाच्या उत्तर काठावरील एका खेड्यात आलो. तेथे आमच्या काकांचे जुने स्नेही राहतात. त्यांना आठ दिवस आधी निरोप दिलेला होता. काठावर राहावयाचे तर प्रथम गावाला विचारावे. जमीन कोणाची, गाळपेर कोणाची, पाणी सध्या चढते आहे की उतरते आहे, हे गावाइतके अचूक कोणी सांगत नाही. धरणाखाली, म्हणजे सोनच्या पुलाच्या आसपास, पात्रात मुक्काम करण्याचे आम्ही मुळीच मनात आणले नाही. तेथील खडक आणि वाळू कितीही मोहक दिसोत, वर बेचाळीस दारे आहेत.

ही भीती कल्पनेतील नव्हे. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढीत उभे असलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चोवीस विद्यार्थी वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने वाहून गेले. त्या दिवशी आभाळ निरभ्र असले तरी नदीला त्याचे काय? धरणाखालच्या नदीला पाऊस लागत नाही, कळ फिरविणारा हात लागतो. आमच्याच जिल्ह्यातील कडेम धरणाने जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२३ मध्ये जे दाखविले ते तर उलट टोकाचे. दारांच्या आवाक्याबाहेर पूर आला आणि पाणी भिंतीवरून वाहिले, खालच्या गावांनी रात्री जागून काढल्या. आणि १५ जून २०२५ रोजी बासरच्या घाटाजवळ हैदराबादहून दर्शनास आलेल्या मंडळींपैकी पाच तरुण स्नान करता करता बुडाले. सोबतचे काठावर उभे होते. देवदर्शनास निघालेल्या घरावर असा प्रसंग यावा, याहून क्लेशकारक काय असू शकेल?

म्हणून जागा कशी निवडली ते थोडे विस्ताराने लिहितो. माघात पाणी अर्धा किलोमीटरभर मागे गेलेले होते. मधल्या सपाटीवर काडीकचऱ्याच्या समांतर रेघा उमटलेल्या दिसतात. पाणी ज्या ज्या ठिकाणी काही दिवस थांबले त्यांच्या त्या खुणा. सर्वात वरची रेघ, जेथे बाभळीची झुडपे सुरू होतात, ती पूर्ण जलाशयाची. आम्ही राहुट्या त्या रेघेच्याही वर, मुरमाड उंचवट्यावर ठोकल्या. मुले हिरमुसली. पाणी इतके लांब असेल तर किनारा कसला, असे त्यांचे म्हणणे. परंतु मधली सपाटी हीच येथील खरी फसवणूक आहे. वरचा पापुद्रा उन्हाने तडकून भाकरीसारखा झालेला असतो आणि त्याखाली गुडघाभर, कोठे कंबरभर गाळ असतो. या जलाशयाची मूळ साठवण ११२ टीएमसी होती. १९९४ च्या पाहणीत ती नव्वदच्या आसपास भरली. बावीस टीएमसी जागा गाळाने व्यापली. ही माती कोठली? नाशिक-औरंगाबादची, परभणीची, नांदेडची, आणि मांजरेतून आलेली बीड-लातूरची. कंदकुर्तीला मांजरा आणि हरिद्रा गोदेस मिळतात, आणि ते सारे ओझे येथे येऊन बसते. आमच्या आजोबांनी एक चिमूट काळा गाळ बोटांत चोळून "ही आपल्याकडचीच" असे म्हटले. त्यांचे 'आपल्याकडे' कोणते, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही.

पाण्याकडे जाण्यासाठी गावकऱ्यांनी एकच वाट दाखविली, गुरांची. म्हैस ज्या वाटेने जाऊन ज्या वाटेने परतली असेल तेथे मनुष्य रुतत नाही. त्या वाटेच्या दोन्ही अंगांना आम्ही काठ्यांवर लाल चिंध्या बांधल्या आणि मुलांना बजावले की चिंधीबाहेर पाऊल नाही. पाण्यात उतरावयाचे ते मोठ्यांसोबत, दिवसा, गुडघ्यापर्यंत. तळ दिसत नाही, जुन्या विहिरी आणि नाल्यांचे खळगे पाण्याखाली तसेच आहेत. शिवाय मांजरेच्या अभयारण्यात मगरी आहेत आणि मांजरा याच पाण्यास मिळते, हे एकदा सांगितल्यावर रात्री पाण्याजवळ जाण्याचा हट्ट कोणी धरला नाही.

पहिल्या संध्याकाळी पाण्याच्या अगदी कडेला मुलांनी एक काठी रोवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोरड्यात होती, पाणी पाच-सहा पावले मागे गेले होते. पाणी कोणी प्यायले, असा मोठा वाद झाला. कालव्याने गेले, करीमनगरच्या शेतांत, असे सांगितल्यावर थोरल्या मुलीने विचारले, "मग वरून कोण भरणार?" तेथून पैठणचा नाथसागर, बाभळी, न्यायालय, सारे काही एका काठीच्या आधाराने समजावून झाले. शाळेच्या पुस्तकात हे सारे आहे. तेथे ते कोणाला आठवत नाही.

स्वयंपाकाचे वर्णन फार करीत नाही, कारण घरोघरी तेच असते. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, पिठले आणि ठेचा. अंबाडी हा मराठवाडा आणि तेलंगण यांच्यातील कधी न मोडलेला तह आहे, असे आमच्या आत्या म्हणतात. चुलीला वाऱ्याची पाठ धरून दगड लावले, भोवती माती ओढली आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून राख पुरली. पिण्याचे पाणी गावातून आणले. पत्रावळी जाळल्या, प्लास्टिक परत आणले. पहाटे बूट झटकून घालावेत, विंचवाला ऊब आवडते, एवढे सांगून पुढे जातो.

सकाळी गंगापुत्र मंडळी मासेमारी आटोपून काठास लागली. त्यांच्या टोपलीसारख्या गोल होडीला येथे पुट्टी म्हणतात. एक मनुष्य तीत बसून एकाच वल्ह्याने ती अशी फिरवीत आणतो की मुलांना तो खेळच वाटला. त्यांच्याकडे रोहू होते, कटला होते आणि दोन मोठे मरळ होते. मरळ हा तेलंगणाचा राज्यमासा. आमच्यापैकी निम्म्यांनी तोंड फिरविले आणि निम्म्यांनी चूल वेगळी मांडली. सहलीत एवढी फाळणी चालावयाचीच. त्या मंडळींसोबत एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. धाकटा आदल्या दिवशीची पाटी घेऊन बसला होता. आजीने त्याला ओल्या वाळूत 'गंगा' शब्दातील 'ग' गिरवून दिला. त्या मुलीने शेजारीच आपला 'ग' काढला, वर टोक असलेल्या कमानीसारखा. धाकट्याला दोन्ही सारखेच नवे होते, म्हणून त्याने दोन्ही गिरविले. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू शिकणे आवश्यक झाले आहे, तेव्हा दुसरा 'ग' त्याला शाळा शिकवीलच. पहिला शिकविणे घराकडे आहे, आणि घरी त्यासाठी किती वेळ मिळतो हे आपण सारेच जाणतो. त्या दोन दिवसांत, दूरदर्शन आणि फोन दोन्ही नसताना, आजीने पाच अक्षरे पुरी केली.

पक्ष्यांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. माघात चक्रवाकांच्या जोड्या काठाकाठाने बसलेल्या असतात. त्यांचा तांबूस-केशरी रंग उन्हात असा खुलतो की आमच्या निर्मलच्या नकाशांनी पोणिकीच्या लाकडावर चढविलेला रंग आठवावा. रात्री त्यांची हाक या तीरावरून त्या तीरावर जाते. जोडीतील नर-मादी रात्री विलग होतात आणि एकमेकांना साद घालतात हा कविसंकेत कसा रूढ झाला असेल, ते अंधारात पडून ऐकताना सहज कळते. टिटव्या तर आम्हांला चोर समजून रात्रभर ओरडत होत्या. पलीकडच्या नंदिपेटच्या माळांवर पाणी उतरल्यावर काळविटांचे कळप चरावयास येतात; आमच्या बाजूस ते दिसले नाहीत.

दिवसा वाऱ्यावर हळदीचा वास येत होता. हा सारा टापू हळदीचा. काढणी सुरू झाली की शेतोशेती हळद शिजविण्याच्या कढया चढतात. पंचमी-षष्ठीची चंद्रकोर लवकर मावळल्यावर आकाश असे काही काळे झाले की गावात राहणाऱ्या मुलांनी मृग नक्षत्र आणि व्याधाचा तारा प्रथमच नीट पाहिला. थंडी बरीच होती. राहुटीत सतरंजीखाली गवताचा जाड थर पसरला म्हणून वृद्ध मंडळींना झोप लागली. केवळ तंबूच्या कापडावर विसंबून म्हाताऱ्या माणसांना माघात काठावर नेऊ नये.

दुसऱ्या रात्री काकांचे स्नेही जेवावयास आले. त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि हिशेब उर्दूत करतात, कारण शाळा त्या काळची. जेवण झाल्यावर ते पाण्याकडे तोंड करून बसले आणि हात लांब करून म्हणाले, "ते तिथं आमचं गाव होतं." आम्ही पाहिले तर काळोखी पाण्यावाचून काही नाही. मग त्यांनी एकेक सांगितले. मारुतीचे देऊळ कोठे, पार कोठे, त्यांच्या वडिलांचा वाडा कोठे, चिंचेची दोन झाडे कोठे. धरणाचे काम चालू असताना ते तरुण होते. गाव उठले, वर माळावर नवे गाव बसले. मोबदल्याची रक्कम आली आणि संपली. पहिल्या वर्षी पाणी चढू लागले तेव्हा काही म्हाताऱ्या काठावर येऊन बसत आणि आपल्या घराचे ओटे बुडताना पाहत. सरस्वती कालव्याचे पाणी पुढे खानापूरकडच्या शेतांना मिळाले, ते बरेच झाले, असे ते स्वतः म्हणाले. त्यांच्या स्वरात कटुता नव्हती. परंतु ज्या काठाला आम्ही हौसेने किनारा म्हणत होतो, जेथे मुले शंख-शिंपले शोधीत होती, तो कोणाच्या तरी शेताचा बांध होता हे ऐकल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. शिंपले वेचताना दुपारी मुलांना कौलाचा एक तुकडा सापडला होता. तो त्यांनी कंदिलाजवळ आणून आजोबांपुढे ठेवला. त्यांनी तो हाती घेतला, उलटा केला आणि "कुंभाराचं कौल आहे, विलायती नव्हे" एवढेच म्हणून परत दिला.

ज्या वर्षी पाऊस कमी होतो आणि उन्हाळा कडक असतो, त्या वर्षी चैत्राच्या अखेरीस देवळाचा चौथरा पाण्याबाहेर येतो, असे त्यांनी सांगितले. तेव्हा उठलेल्या गावाची मंडळी जिथे असतील तिथून येतात. कोणी हैदराबादहून येतो, कोणी नांदेडहून. मारुतीच्या जागेवर शेंदूर लावतात, नारळ फोडतात, चौथऱ्याभोवती सावलीसाठी ताडपत्री बांधून एक रात्र राहतात आणि जातात. दोन-तीन आठवड्यांनी वळवाचा पाऊस आणि मग मृग, की पुन्हा पाणी. २०२७ मध्ये गुरू सिंहेत येईल तेव्हा गोदावरीचे पुष्कर आहे, नाशिकलाही सिंहस्थ; त्या वेळी बासरच्या घाटावर लोटणाऱ्या गर्दीत या एका रात्रीच्या मुक्कामाची कोणी दखल घेणार नाही.

"चैत्रात या," ते उठताना आमच्या आजोबांना म्हणाले. "पाणी उतरलं तर वाडा दाखवतो. पोरांनाही आणा, पण माझ्या मागं मागं चालायचं त्यांनी. विहीर कुठं आहे ते मला माहीत आहे."

आजोबांनी होकार दिला. पहाटे राहुट्या सोडल्या तेव्हा मुलांनी ती काठी आणखी पुढे, पाण्याच्या नव्या कडेला रोवून ठेवली.